कोरा रकाना

प्रिय ताई,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण सवय कुठे जाते? तुझा अहवाल वाचला. तीनदा वाचला. निम्म्याहून जास्त लोकांना म्हणे निरोगी मातीचं मोल शून्य वाटतं. शून्य! आणि म्हणून नदीकाठच्या शेतांवर गोदामं बांधायला हरकत नाही. अगं, त्या पाहणीसाठी दारं मी ठोठावली होती ना!

चार महिने जिने चढून माझे गुडघे बोलायला लागले. पाणी गाळणारी, पूर पिऊन टाकणारी ही माती टिकावी म्हणून वर्षाला किती जादा कर द्याल, एवढाच तुझा प्रश्न. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाचा गाल साबणात तसाच ठेवून मला फैलावर घेतलं, की आईच्या दुधाचा भाव विचारतेस का? गेल्या पुरानंतर घरातला चिखल उपसलेली शिंपीण म्हणाली, ती शेतं नसती तर पाणी माळ्यावर चढलं असतं, आकडा कसला घालतेस! अशांचं काय करू, म्हणून मी तुला फोन केला. तू म्हणालीस, रकाना कोरा ठेव, कोरा म्हणजे अनमोल, पुढचं मी बघते. मी तेच दारोदार सांगत फिरले. माझ्या तोंडाकडे बघून लोकांनी रकाने कोरे सोडले, ताई.

ते सगळे तू शून्यात मोजलेस. चूक असती तर मी गिळली असती. पण वरच्यांना असंच हवं होतं, खुर्ची टिकवायची तर थोडं वाकावं लागतं, हे तूच परवा फोनवर म्हणालीस. थोडं? केसानं गळा कापलास तू, आणि तोही माझ्या हातानं.

सोमवारी गोदामांच्या परवानगीवर सुनावणी आहे. तुला मी नुसते आकडे पाठवले होते, मूळ फॉर्म माझ्याच कपाटात आहेत. ते मी तिथे मांडणार आहे. तुझी खुर्ची जाईल, ठाऊक आहे मला, रडूनही झालंय. तुला न सांगताच जाणार होते, पण बाबांनी अडवलं. पाठीमागून वार करायचा नाही, आधी तिला कळव म्हणाले, म्हणून हे पत्र. कोऱ्या फॉर्मांत एक त्यांचाही आहे. जलशुद्धीकरण केंद्रात तीस वर्षं काढलेल्या माणसानं खाली शेरा लिहिलाय: ‘आकडा घालत नाही. हे काम माझी मोठी मुलगी बघते, ती बरोबर समजून घेईल.’ तेवढा फॉर्म गठ्ठ्यातून काढून सोबत पाठवतेय. तो चारचौघांत वाचायची माझी हिंमत नाही.

अजून तरी तुझीच,
धाकटी