एकटीला पेलेल असा स्पीकर

मंगळवार, ४ मार्च

ताई हो म्हणाली! चौदा महिन्यांनी.

वाचनालयाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. बावीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, तासभर गाणी म्हणाल का? माणसं चाळीसेक. भावोजी गेल्यापासून आम्ही दोघी बहिणी कुठेच गेलो नाही. गाते ताई. मी गिटार वाजवते आणि ध्रुवपदाला मागून हूं हूं करते. वाटलं होतं, ताई 'बघू' म्हणेल. तिचं बघू म्हणजे नाहीच. पण म्हणाली, "जाऊ. फक्त तो पैलवान नको."

पैलवान म्हणजे आमचा जुना स्पीकर. तेवीस किलो. भावोजी तो खांद्यावर टाकून दोन जिने चढायचे आणि वर जाऊन आम्हालाच विचारायचे, दमलात का? आता तो ताईच्या पलंगापाशी असतो, वर औषधं आणि पाण्याची बाटली. हलवायचा कोणी?

देवा, तिला गाऊ दे. बाकी काही मागत नाही.

गुरुवार, ६ मार्च

नव्या स्पीकरसाठी पहिलं दुकान. दुकानदाराला प्रत्येक स्पीकरचा बेस वाढवून दाखवायची भारी हौस. काचा थरथरल्या की आमच्याकडे बघून हसायचा.

"वॅट किती हवेत मॅडम?"

ताई म्हणाली, "वॅट राहू देत, किलो सांगा."

मग तिने मला एकेक स्पीकर उचलून दुकानाचा जिना चढायला लावला. एकटीला! स्वतः खुर्चीवर बसून पर्स मांडीवर. मी म्हटलं, एक बाजू तू धर की. "माझी कंबर," म्हणाली. दुकानात यायला कंबर ठणठणीत होती. तिसऱ्या फेरीला मी खरंच चिडले. घरी येताना तिने माझा खांदा चेपून दिला, रस्त्यात, सगळ्यांसमोर. राग टिकवायचा कसा माणसाने?

शनिवार, ८ मार्च

दुसरं दुकान. इथे एक नवीन तऱ्हेचा पाहिला. तळाला डबा, त्यात दोन नळ्या खोचायच्या, वर बारीक उभा स्पीकर. काठीसारखा. एकूण बारा किलो, दोन पिशव्यांत मावतो. आवाज इतका स्वच्छ की ताईने माईकमध्ये नुसतं "हॅलो" म्हटलं आणि मी म्हटलं, पुन्हा म्हण. चौदा महिने तो आवाज माईकमधून ऐकला नव्हता.

पण ताईचं भलतंच चाललेलं. मला तो सगळा सुटा करून पुन्हा जोडायला लावला. वायरी, माईक, गिटार, सगळं. घड्याळ लावून. अकरा मिनिटं.

"पुन्हा कर."

"मी काय परीक्षेला बसलेय?"

"हो."

सात मिनिटांवर आले. एका गिऱ्हाईकाने टाळ्या वाजवल्या. मेला.

रविवार, ९ मार्च

दंड भरून आलेत. दुकानात चष्म्याचे स्क्रू पिळताना बोटं थरथरणार उद्या.

बुधवार, १२ मार्च

ताईला शंका, काठीवाला बारा किलोसुद्धा जास्त नाही ना? म्हणून पहिल्या दुकानदाराकडून बॅटरीवर चालणारा छोटा डबा दोन दिवसांसाठी घरी आणला. सात किलो. कडेवर घेता येतो.

काठीवाला आपल्या पाठीमागे ठेवला तरी चालतो, तो तसाच बनवलेला, असं त्या दुकानात सांगितलं होतं. आम्ही दोघी शहाण्या. हाही ठेवला पाठीमागे! माईकचं तोंड ताईकडे, ताईच्या मागे डबा, आवाज वाढवला. डब्यातून अशी किंकाळी फुटली की शेजारीण लाटणं घेऊन दारात. ताई हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग हसणं थांबलं आणि रडणं चालू राहिलं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"ते मागच्या भिंतीला उभे राहायचे," ती म्हणाली.

हो. प्रत्येक कार्यक्रमात. भावोजींनी पंजा वर केला की आवाज वाढवायचा, खाली केला की कमी. ताई डोळे मिटून गायची, तो पंजा मी बघायचे. स्पीकर कितीही चांगला घेतला तरी मागे काय ऐकू जातंय ते पुढून कळत नाही.

ताईने तोंड धुतलं आणि म्हणाली, "तू गा. मी मागे जाऊन ऐकते."

"मी? मी कुठे गाते?"

"आवाज तपासायचाय गं नुसता."

डबा पुढे सरकवला आणि गायले. पडदा ओढून, अंग चोरून. ताई बोळाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि पंजा वर, वर, अजून वर. पूर्ण गाणं म्हणून घेतलं. संपल्यावर म्हणाली, "हा डबा नको. तुझे शब्द पोचत नाहीत." तुझे काय? गाणार ती आहे.

शनिवार, १५ मार्च

काठीवाला घेतला. पैसे तिने दिले, माझं काही ऐकलं नाही. वॉरंटीच्या कार्डावर मात्र माझं नाव, माझा नंबर. "फोन उचलतं कोण आपल्यात?" हेही खरंच.

सोमवार, १७ मार्च

भांडण. दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं मी एकटीने म्हणायचं म्हणे. मी साफ नाही म्हटलं. चोपन्नाव्या वर्षी कसले नवे उद्योग?

"मग मीही येत नाही."

ब्लॅकमेल आहे हा. कडवं पाठ करतेय.

शनिवार, २२ मार्च

गायली. माझी ताई गायली!

वाचनालयात टेबलं सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. काठीवाला मी साडेसहा मिनिटांत उभा केला. ताईने बोट लावलं नाही. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला सावरला, आणि मग काय सांगू. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. दुसरं गाणं. कडवं मी म्हटलं, मेले नाही.

तिसऱ्यानंतर ताई म्हणाली, पाणी पिऊन येते, आणि निघून गेली. येईना. मला वाटलं झालं, भावोजी आठवले, आता ही पार कोसळणार. मी तारा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या. तर ही मागच्या भिंतीला, कपाटाशेजारी उभी! पंजा वर केलेला.

गायले. काय करते? एक नाही, चार गाणी गायले. चौथ्याला ताई हाताची घडी घालून फक्त ऐकत होती.

वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी याल का? मी ताईकडे पाहिलं, तर ती खुर्च्या सरळ करायला लागली होती. येताना एक पिशवी मात्र तिने धरली. हातात हात घालून आलो, शाळेतून यायचो तशा. तिला म्हटलं, आता आपली गाडी रुळावर आली बघ. तिने माझा हात घट्ट दाबला.

रविवार, २३ मार्च

ताई लेकीकडे राहायला जातेय. कायमची. नऊ एप्रिलचं तिकीट, जानेवारीतच काढलेलं. वाचनालयाच्या बाईंना मला फोन करायलाही तिनेच सांगितलं होतं.

"आधी सांगितलं असतं तर तू गिटार गुंडाळून ठेवली असतीस."

ठेवली असती.

खूप रडलो दोघी. संध्याकाळी बाईंना फोन केला. सांगितलं, एप्रिलमध्ये येते. एकटी.