ज्वारीची पिशवी

आबा,

तुम्ही मळ्यातून याल तोवर मी धुळ्याच्या एसटीत असेन. एकटीच जातेय, मागोमाग येऊ नका. भाकरी टोपल्यात झाकली आहे.

व्यायामाला पायाशी बांधतो ती ज्वारीची पिशवी आज दलिचंद शेठच्या काट्यावर ठेवली. सांगितलेल्या वजनाच्या निम्मीसुद्धा भरली नाही. मी कण्हले की तुम्ही मूठ-मूठ काढत होतात ना? आणि मी खुळी, पाय कसा सहज उचलतेय म्हणून गल्लीभर सांगत सुटले!

आबा, डॉक्टरांनी रिंगा लावून आखूड पायाचं हाड वाढवलं, पाय बरोबरीला आला. पण मांडीत ताकद ऑपरेशनने येत नाही. ती आली नाही तर काठी जन्माची. आता धुळ्याच्या दवाखान्यात व्यायामाच्या बाई विचारतील, सुधारणा का नाही? काय सांगू, माझ्या बापाला माझी फार माया आहे म्हणून?

रागावले आहे, पण जेवून घ्या.

पिशवी पुरती भरून तिचं तोंड दाभणाने शिवून टाकलंय. संध्याकाळी बांधायला मात्र तुम्हीच या, तुमची गाठ रुतत नाही. मी कण्हले तर गोठ्यात जाऊन बसा.

रंजना