दक्षिणेची खोली

सॉल्ट लेक, कोलकाता
३ एप्रिल २०२५

चि. सौ. वृषालीस,
अ. उ. आ.

फोनवर मी रागावले की सुयशचं नेटवर्क जातं, म्हणून पत्र लिहिते आहे.

तुमच्या मेलबर्नच्या नव्या घराचा नकाशा मिळाला. सुनेच्या बाळंतपणासाठी येणाऱ्या सासूला उत्तरेची खोली आणि तुम्ही दोघं दक्षिणेला. छान. इथे कोलकात्यात दक्षिण मोकळी असली की घराचा भाव वाढतो, कारण ऊन आणि वारा दोन्ही तिकडून येतात. बागबाजारच्या घरात माझ्या सासूबाईंनीही मला उत्तरेचीच खोली दिली होती. बारा वर्षं मी बुरशीशी संसार केला. म्हणून हा फ्लॅट घेताना तुझ्या सासऱ्यांच्या हातात मी आधी होकायंत्र दिलं, मग चेकबुक.

जुलैत तिकडे हिवाळा असतो हे मला सांगू नये. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत गोलार्धच शिकवले. ऐन थंडीत म्हातारीला बिनउन्हाच्या खोलीत टाकणं हा विचारपूर्वक केलेला अपमान आहे. खोली बदलणार नसाल तर मी तिकीट रद्द करते. डिंकाचे लाडू पाठवीन. त्यांना कुठलीही खोली चालेल.

लोभ किती आहे ते नकाशावरून कळलंच.
शकुन

मेलबर्न
२० एप्रिल २०२५

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून सुयशने ते माझ्याकडे सरकवलं आणि भांडी घासायला गेला. आईला भूगोल सांगायची त्याची छाती नाही म्हणे. म्हणून मीच सांगते, रागावू नका. आम्ही विषुववृत्ताच्या खाली राहतो. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि दक्षिणेकडून नुसता गार वारा येतो. घरात ऊन येणारी खोली एकच आहे, ती तुम्हाला ठेवली. आमच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि मोजे दोन दिवस वाळत नाहीत.

तिकीट रद्द करू नका. माझी आई आता नाही. बाळाला पहिली अंघोळ कशी घालायची हे मला व्हिडिओ बघून शिकायचं नाही.

लोभ असाच राहावा, ओरडण्यासकट.
तुमची वृषाली

सॉल्ट लेक, कोलकाता
६ मे २०२५

चि. सौ. वृषालीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. यात माझी काही चूक नाही. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर संत्रं मधोमध कापून गोलार्ध शिकवायच्या. वरच्या अर्ध्यावर धडा व्हायचा आणि खालचा अर्धा तोवर त्या खाऊन टाकायच्या. त्यामुळे दक्षिण गोलार्ध आमच्या अभ्यासाला कधी उरलाच नाही. मुलींना शिकवताना मीही तीच पद्धत पाळली.

आता नीट ऐक. मी दक्षिणेची खोली मागितली होती आणि मी शब्द फिरवत नाही. त्या खोलीत मीच राहणार. उत्तरेला तू आणि बाळ. बाळाला आणि बाळंतिणीला कोवळं ऊन लागतं, हे दोन्ही गोलार्धांत सारखंच आहे. खाटा सुयशने आजच हलवाव्यात, तू हात लावायचा नाहीस. बुरशीची काळजी करू नये, मला अनुभव आहे.

तिकीट रद्द झालेलं नाही. एजंट फोन उचलत नव्हता.

लोभ असू द्या, आणि पांघरुणं दोन.
शकुन