दहा सेकंद आधी

सोमवार, ३ तारीख
नोकरी लागली, खोली मिळाली, आणि दोन्ही एकाच शटरमागे. पुढे दुकान, मागे मी. कामाला उशीर झाला तर दोष द्यायला आता बससुद्धा नाही. मालकांना सगळे मास्तर म्हणतात, कारण पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवायचे. दुकानात दोन थ्रीडी प्रिंटर आहेत. प्लास्टिकच्या तारेचं रीळ लावायचं, मशीन ती तार वितळवून थरावर थर चढवतं, आणि मिक्सरचं तुटलेलं बटण किंवा सुटकेसचं हरवलेलं चाक तयार. मास्तरांचा एक नियम आहे: नव्या माणसाचा पहिला नग दर्शनी काचेत मांडायचा. आईला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, ते ठीक आहे, जेवलीस का.

गुरुवार, ६
पहिला नग झाला. समोरच्या शिलाईवाल्या बाईंची बोटं आखडली आहेत. इस्त्री करताना पाण्याचा फवारा मारायची बाटली त्यांना दाबता येत नाही. मी बाटलीवर बसेल अशी जाड मूठ करून दिली, पुढे नळी आणि खाली दाबायला रुंद पट्टी. दोन केल्या, एक बाईंना आणि एक काचेत. बाईंनी पहिला फवारा माझ्याच तोंडावर मारला आणि पोट धरून हसल्या. मला इथे फार बरं वाटतंय.

मंगळवार, ११
बातम्यांत दुसरं काहीच नाही. कुठल्याशा शहरात कुणीतरी घरबसल्या थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकची बंदूक बनवली म्हणे. ती चालली का, कुणाला लागलं का, हे कुणी सांगत नाही. तुमच्या शेजारी कोण राहतं, हे मात्र दर दहा मिनिटांनी विचारतात. नुसतं साप साप म्हणून भुई धोपटणं. दुपारी एक वार्ताहर दुकानात आला. गोड बोलला. काचेतली मूठ हातात घ्या म्हणाला, कॅमेऱ्याकडे करा, दाबा, जरा हसा. मी शहाणीने सगळं केलं. फवाऱ्याचंही नीट समजावून सांगितलं. आईला कळवलंय, संध्याकाळी टीव्ही लाव म्हणून.

बुधवार, १२
माझा आवाज काढून टाकला. चित्र तेवढं ठेवलं. मी हसतेय, नळी कॅमेऱ्याकडे, बोटं पट्टीवर. खाली लाल अक्षरांत, 'गल्लीत बंदुकांचा कारखाना?'

बेकरीवाला रोज गप्पांसाठी थांबवून घेतो. आज मला बघून त्याने दार लावलं.

मास्तर काचेतला नग काढून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "दोन दिवस आतच राहा. मी बाहेरून कुलूप लावतो, म्हणजे दुकान बंद आहे असं वाटेल." मला ते पटलं. मागच्या खिडकीला गज आहेत आणि दुसरं दार नाही, हे कुलूप लागल्याचा आवाज आल्यावर लक्षात आलं.

गुरुवार, १३
मास्तर फोन उचलत नाहीत. टीव्हीवर मात्र आले. म्हणाले, मुलगी नवीन, माझ्यामागे काय करायची मला ठाऊक नाही, म्हणून मीच तिला कोंडलं. निवेदिकेने त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं.

आईचा फोन आला. मी रडणारच होते. त्याआधी तिने हळू आवाजात विचारलं, "खरं सांग, काय बनवत होतीस तू?"

सगळं सांगितलं. ती बरं म्हणाली. तिचं ते बरं मला लहानपणापासून कळतं. तिला पटलेलं नाही.

शुक्रवार, १४, सकाळ
बिस्किटं संपली. बाहेर गर्दी. मीच पोलिसांना फोन केला, मला बाहेर काढा म्हणून. पत्ता सांगताच पलीकडच्या माणसाने तो दोनदा वदवून घेतला. मग विचारलं, शस्त्रं किती आहेत. एकही नाही म्हटलं. आत आणखी कोण आहे. कुणी नाही. शटरजवळ जाऊ नका म्हणाला.

दुपार
माझंच दुकान फोनवर थेट दिसतंय. शिलाईवाल्या बाई आल्या — ही मूठ मीच करून घेतली, असं सांगायला पिशवीतून बाटली काढली — लोक किंचाळत पळाले. पोलिसांनी बाईंना गाडीत घालून नेलं. लाल अक्षरं, 'दुसरी बंदूक जप्त'.

शटरवर दगड. फोनमध्ये तोच दगड नंतर पडतो. मोजलं — दहा सेकंद.

तीन वाजता
पोलीस कर्ण्यावरून सांगतायत, रिकाम्या हातांनी बाहेर या. कशी येऊ — कुलूप बाहेरून आहे — मी ओरडले, शटरवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. दहा सेकंदांनी त्याच थापा फोनमधून ऐकू आल्या. निवेदिका म्हणाली, आतून गोळीबार सुरू.

नंतर
कुलूप तोडतायत. बोलून उपयोग नाही, आवाज कुणालाच — कुणी वाचलं तर, तो फवारा होता. आईला सांगा. पाण्याचा —

शटरखालून उजेड आला. बूट. खूप बूट. हात रिकामे हवेत, पेन ठेवते — फोनमध्ये शटर अजून बंद आहे, तिथे मला अजून काही झालेलं नाही, इथे