हंसाबाईंचे बावीस टाके

३ फेब्रुवारी
आज वसईच्या या आरामघरात आले. बेसिलनं, माझ्या लेकानं, गाडी इतकी हळू आणली की सायकलवालेसुद्धा पुढं गेले. गेल्या आठवड्यात माझ्या स्वादुपिंडाची शेपटी काढली, तीही दुर्बिणीतून. पोटावर चार भोकं, बस्स! खिडकीबाहेर केळी आहेत, होळी गावातल्या आमच्या वाडीसारख्या. सिस्टर मेरींनी मऊ भात भरवला. जीव सुपाएवढा झाला.

शेजारच्या खाटेवर विरारच्या हंसाबाई. दुखणं तेच, पण त्यांचं पोट उघडावं लागलं. बरगड्यांखाली आडवे बावीस टाके.

५ फेब्रुवारी
हंसाबाईंकडं माणसांची नुसती रीघ. शहाळी काय, सूप काय! बायका त्यांना म्हणतात, केवढं सोसलंस गं बाई. मग माझ्याकडं वळून विचारतात, आल्बिनाबाई, तुम्हांला काय, गॅस झालेला?

आज बेसिलही त्यांच्याच उशाशी मोसंबं सोलत बसला. माझा बेसिल! जळफळाट झाला. मनात आलं, ती चीर माझ्या पोटावर हवी होती.

८ फेब्रुवारी
मलमपट्टी करताना सिस्टर टाके मोजू लागल्या. बरगडीखाली सात टाके. माझ्या. कागदावर चारच भोकं लिहिलीत.

हंसाबाईंचे पंधरा उरले. हसून म्हणाल्या, तुमचा पायगुण हो!

१० फेब्रुवारी
माझे अठरा. त्यांचे चार.

सगळी आता माझ्याभोवती. बेसिल मोसंबं भरवतो. गिळवत नाही — मारियामाते, मला हे नको — परत घे —

११ फेब्रुवारी
हंसाबाई चालत घरी गेल्या. पोट कोरं. माझे बावीस, आणि सकाळपासून एकेक उसवतोय. डॉक्टर म्हणतात, शिवलं तरी धरत नाही. मोठ्या इस्पितळाची गाडी यायची आहे.

दुपारी
त्या खाटेवर नवी मुलगी. सेलिन. नालासोपाऱ्याची. घरी तीन महिन्यांचं बाळ. दुर्बिणीचंच ऑपरेशन, चार भोकं. भेटायला कुणी नाही.

बेसिल माझा हात धरून रडतोय. ती बघतेय. जशी मी हंसाबाईंकडं बघायचे, तश्शी —

चादर वर ओढायला हवी. सांगायला हवं, पोरी, तोंड फिरव —

चादर खाली सरकवली मी. बेसिलला म्हटलं, बाळा, जरा बाजूला हो, तिला नीट दिसू दे.

ती उठून बसली. माझा एक टाका नाहीसा झाला —