झोपेत दुखणारं डोकं

आबा, झोपेत तुमचं डोकं का दुखायचं, ते मला कळून आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला सांगायचं मात्र राहूनच गेलं.

मेंढरं विकली त्या वर्षी तुम्ही खोऱ्यातल्या त्या अर्धवट सोडलेल्या बंगल्यांवर राखणदार म्हणून लागलात. मला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी घरात दर महिन्याला काहीतरी ठरलेलं यायला हवं होतं. फाटकाशेजारची तुमची खोली मी एकदाच पाहिली, डबा घेऊन आले होते तेव्हा. पक्क्या भिंती, काचेची खिडकी, लोखंडी दार. तुम्ही मोठ्या कौतुकाने दाखवत होता, "बघ, एक थेंब आत येत न्हाई." आपल्याकडचा पाऊस आडवा, तो आत घुसू नये म्हणून तुम्ही दाराखाली पोतं सारलं होतं, खिडकीच्या फटींत कागद कोंबले होते. मधोमध कोळशाची शेगडी आणि तिच्या धगीवर तुमची ओली घोंगडी वाळत टाकलेली. मलाही बरं वाटलं. जन्मभर उघड्या रानात मेंढरांशेजारी झोपलेल्या माणसाला आता उबेची जागा मिळाली, असं वाटलं. रानातही तुमच्या उशाशी रात्रभर विस्तव असायचाच. तिथे भिंती नव्हत्या, एवढाच फरक. तो ना तुम्हाला कळला, ना मला.

पावसाचा जोर वाढला आणि तुमचं दुखणं सुरू झालं. सहा रात्री तिकडे, एक रात्र घरी अशी तुमची पाळी. सुटीच्या दिवशी सकाळी तुम्ही येता, चुलीजवळ भिंतीला टेकून बसता, आईने दिलेला चहा तसाच निवत राहतो. "झोपंतच कुनीतरी डोक्यात पहार घालतंय बघ. डोळं उघडलं की खोली फिरती. मळमळतंय लई." आई सुंठ उगाळून कपाळाला लावते, फडकं आवळून बांधते. तुम्ही दुपारपर्यंत ओसरीवर पडून राहता आणि दिवस कलायच्या आत ठणठणीत होता. रात्री घरी शांत झोपता, घोरतासुद्धा. आईने तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्रेशर बघितलं, ते बरोबर निघालं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्या घेऊन तुम्ही पुन्हा त्याच खोलीत झोपायला गेलात. शेजारची म्हातारी म्हणाली, त्या बंगल्यात काहीतरी हाय, नारळ द्या. तुम्ही नारळही दिलात.

पुढच्या सुटीला मी चुलीपुढे भाकरी थापत होते. तुम्ही आईला विचारलंत, "ह्या आठवड्याला न्हाई गेलो तर?" विचारलंत आईला, पण बघत माझ्याकडे होता. मला कॉलेजचा अर्ज दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. मी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि वर न बघता म्हणाले, "आबा, घरी आलं की थांबतं, तिकडं गेलं की दुखतं. तुमचं डोकं न्हाई दुखत. तुमाला काम दुखतंय."

"गप गं," आई म्हणाली. "बापाशी बोलायची रीत हाय का ही?"

तुम्ही चिडला नाहीत. चुलीतलं लाकूड आत सारलंत. "तसंबी असंल, पोरी," म्हणालात. मग उठून घोंगडी खांद्यावर टाकलीत, आणि दारातून वळून आईला सांगितलंत, "हिच्या कालेजाचं तेवढं इचारून ठेव." तुमचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

चौथ्या दिवशी सकाळच्या पाळीचा राखणदार आला, तर दार आतून बंद. ते फोडावं लागलं. तुम्हाला अंगणात आणून ठेवलं तेव्हा बायका म्हणत होत्या, "झोपंत गेला, पुण्यवान मानूस. तोंडावर कसं तेज हाय बघा." खरंच, तुमचा चेहरा लालसर होता. त्या पावसात इतके निरोगी तुम्ही एकदाही दिसला नव्हता. पोलिसांनी कागदावर शेगडीच्या धुराने गुदमरून असं लिहिलं. एका रात्री घडलेला अपघात, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. आधीचे ते सगळे आठवडे आणि ही शेगडी, यांचा काही संबंध असेल असं कुणाच्याही मनात आलं नाही.

मला नर्सिंगला प्रवेश मिळाला. दुसऱ्या वर्षी आमच्या बाई एकदा डोकेदुखी शिकवत होत्या. झोपेतून उठवणारं दुखणं कधी साधं समजू नका, म्हणाल्या. कुणाचं प्रेशर वाढलेलं असतं. कुणाचा घोरताघोरता श्वास अडकतो. कुणी डोकेदुखीच्याच गोळ्या इतक्या खातं की त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात. वय झालेल्या काही माणसांना रोज ठरावीक वेळेला डोकं दुखून जाग येते, काहींना एकाच डोळ्यामागे सुरी फिरल्यासारखं होतं. आडवं पडल्यावर वाढत असेल, पहाटे उलटी होत असेल, तर मेंदूत गाठ नाही ना, ते बघायला हवं. आणि बंद खोलीत कोळसा जळत असेल तर त्यातून वास नसलेला वायू निघतो, रक्तात शिरतो, चेहरा लाल करतो. "अशा पेशंटला एवढंच विचारा," त्या म्हणाल्या, "जागा बदलली की थांबतं का? हो म्हणाला, तर त्याला त्या जागी परत जाऊ देऊ नका."

बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. माझा हात थांबला होता. आबा, अख्ख्या घरात ती खूण मला एकटीला दिसली होती. आणि मी तिचा टोमणा केला.

मी आता इथेच, आपल्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात आहे. गेल्या पावसाळ्यात गावाबाहेर भाड्याच्या खोलीत राहणारा एक मजूर बायकोला आणि लहान मुलीला घेऊन आला. "रात को ही सिर पकड़ के बैठती है, दिन में एकदम ठीक. नाटक करती है," तो हसत म्हणाला. मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. कुठल्या तोंडाने ओरडणार? मी विचारलं, मुलीलाही होतं का? ती पहाटे उलट्या करते, बाई म्हणाली. मी डॉक्टरांना सांगून दोघींना ऑक्सिजन लावायला लावला आणि त्या माणसाबरोबर त्याची खोली बघायला गेले. खिडकीवर प्लास्टिक ठोकलेलं, कोपऱ्यात शेगडी. प्लास्टिक मी स्वतः फाडलं. तो बघतच राहिला. "सिस्टर, आपको कैसे पता?" मी शेगडी उचलून बाहेर नेऊन ठेवली.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, बाकी काही नाही. कधीमधी म्हणते, "त्येंला त्या पक्क्या खोलीचं लई कवतिक व्हतं." चुलीपुढचं माझं बोलणं तिने पुन्हा कधी काढलं नाही. तिला ते आठवतं की नाही, मला माहीत नाही; विचारायचं धाडस झालेलं नाही.

हे सगळं वहीतच राहील. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. घरी आलेला प्रत्येक कागद मीच तुम्हाला वाचून दाखवायची. खरं सांगू आबा? तुम्हाला वाचता येत असतं, तर मी हे लिहिलं नसतं.