लाली दोन, सूज एक

४ मार्च, सकाळ
ससेखोली कायमची बंद. बावीस वर्षं काढली तिथे. सशाच्या एका डोळ्यात क्रीम नाहीतर शाम्पू टाकायचा, दुसरा तुलनेला कोरा ठेवायचा. मग एक तासाने, चोवीस तासांनी, बहात्तर तासांनी डोळा बघून लालीला आणि सुजेला मार्क द्यायचे. मी एका नजरेत द्यायचो. एकाही सशाने कधी तक्रार केली नाही. आता कायदा बदलला म्हणे. मला नव्या लॅबमध्ये टाकलंय. वर हेड म्हणून एक मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या. महिनाभरात जमलं तर ठेवणार, नाहीतर स्टोअरमध्ये. जमलं तर म्हणे!
संकल्प: वर्षाच्या आत हेडची खुर्ची.

९ मार्च
कुरिअरने टिश्यू आले. माणसाच्या डोळ्याच्या पेशी वाढवून केलेल्या चकत्या, नखाएवढ्या. त्यावर माल टाका, धुवा, पिवळा रंग घाला. पेशी जिवंत असल्या तर रंग जांभळा होतो. साठ टक्क्यांच्या वर पास. झालं! एवढ्यासाठी यांना डॉक्टरेट लागते.
घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, सशांचं काय केलंत? हिला नेहमी नको तेच सुचतं.

१७ मार्च
दोन ट्रे सुकले. टिश्यूच नाजूक, माझा काय दोष? मॅडमनी न ओरडता पुन्हा दाखवलं. न ओरडणारी माणसं मला सहन होत नाहीत.
उद्यापासून डोळ्यांत तेल घालून काम. उद्या नको, पाठ धरली आहे. परवापासून.

२६ मार्च
नव्या आय क्रीमसाठी आलेला अर्क. ब्याण्णव टक्के! वांग्यासारखा जांभळा. रिपोर्ट घेऊन ऐटीत गेलो. मॅडमनी सही केली नाही. मेलेल्या टिश्यूचा कंट्रोल कुठे आहे, म्हणाल्या. काही पदार्थ रंगाला स्वतःच जांभळं करतात, पेशी जिवंत असोत नसोत. म्हणून तोच माल आधीच मारलेल्या टिश्यूवरही टाकून बघायचा. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं म्हणे. असेल. मी तेव्हा चहाला गेलो होतो.
सगळ्यांसमोर पाणउतारा! आणि मेलेल्याला काय तपासायचं? मारलेले टिश्यू तीस तारखेला तयार होतील म्हणाल्या. तोवर हात चोळत बसायला मी काय नवशिका आहे?

२७ मार्च, संध्याकाळी ८
लग्नाचा तिसावा वाढदिवस. बायकोला आय क्रीमची डबी दिली. लॅबचं क्रीम, त्यात अर्क मी स्वतः घोटला. लेबल नाही, पण रिबन लावली. ती एवढी खूश झाली की मलाच कसंतरी झालं. इतक्या वर्षांत आठवणीने आणलेली पहिली वस्तू, असं म्हणाली. टोमणा असावा.
ही भेट आहे, चाचणी नाही. झोपताना लावते म्हणाली. मी म्हटलं आत्ताच लाव, आठला मोजायला सोपं पडतं. आणि फक्त उजव्या डोळ्याला लाव. जुनी सवय, दुसरं काही नाही.

९ वाजता
लाली एक. नव्या क्रीमने होतं तेवढं. झोंबतंय, धुऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, थांब, जरा मुरू दे.

२८ मार्च
उजवा डोळा उघडत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली. बाकावर बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघून गेलं, लाली दोन, सूज एक. बावीस वर्षं जेवताना हे मार्क तिने ऐकलेत. तिने विचारलं, म्हणून एकाच डोळ्याला लावायला सांगितलंत का? मी म्हटलं, चल, नंबर आला.
बुबुळाला जखम आहे. डाग राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हल्लीचे डॉक्टर उगाच घाबरवतात.

३० मार्च
मॅडमनी मारलेल्या टिश्यूवर अर्क टाकला. एकही पेशी जिवंत नाही आणि रंग जांभळा. तसाच, वांग्यासारखा. माझे ब्याण्णव टक्के त्या अर्काचेच होते.
डबीचं सांगावं लागलं. मॅडम याही वेळी ओरडल्या नाहीत. उद्यापासून मी स्टोअरमध्ये. एक फॉर्म दिला. कोणावर वापरलं: पत्नी. कल्पना देऊन संमती घेतली होती का: हो, असं लिहिलं. खाली तिची सही हवी होती.
घरी आलो तर मुलगी आईची बॅग भरत होती. माझ्याकडे बघितलं नाही. बायकोने फॉर्म डाव्या डोळ्याने सावकाश वाचला. 'हो' खोडलं, 'नाही' लिहिलं, सही केली. म्हणाली, सशांनाही विचारलं नसेलच तुम्ही. मी म्हटलं, सशांच्या फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. ती हसेल असं वाटलं होतं.
दोघी गेल्या. डबी टेबलावर आहे, रिबन तिने घडी करून शेजारी ठेवली आहे.
आठ वाजले. बहात्तर तास झाले. बघायला डोळा घरात नाही.